काचेसारखा बर्फ

लटारीभाऊ बावणे आठवले की मला आधी राग येतो. माणूस आठवला की डोळ्यांत पाणी येतं, ओठांवर हसू येतं, असं लोक लिहितात. माझी तर कपाळाची शीर उडायला लागते. राग नेमका कोणाचा, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. ऑफिसचा, त्या साहेबांचा, लटारीभाऊंचा, का माझा स्वतःचा? थोडा थोडा सगळ्यांचाच असावा.

मी मूळची आंधळगावची. नोकरीपायी पवनीकडे आले आणि शाळेत विज्ञान शिकवता शिकवता इथलीच होऊन गेले. आमच्या गल्लीच्या टोकाला बर्फाचा एक जुना कारखाना होता. कारखाना म्हणजे काय, तर टिनाचं लांब शेड, आत मिठाच्या पाण्याची मोठी टाकी, त्यात ओळीनं बुडवलेले लोखंडी डबे, त्यांच्यावर लाकडाच्या फळ्या आणि दिवसभर धडधडणारी मशीन. गोसीखुर्द धरणाच्या पाण्यातली मासोळी पेट्यांत भरून नागपूरला जायची, तिच्यासाठी बर्फ इथून. मालक भंडाऱ्याला असायचे, महिन्यातून एखादी चक्कर मारायचे. बाकी सगळं लटारीभाऊंवर. त्यांचं गाव धरणात गेलेलं, घर पुनर्वसनाच्या वसाहतीत. मासे धरणाऱ्यांच्या घरातला हा माणूस, पण त्यानं जाळं कधी टाकलं नाही. माशांसाठी बर्फ करण्यातच त्याची तीस वर्षं गेली.

अंगानं काटकुळे, पाठीत जरा वाकलेले, डोक्याला बारा महिने मफलर. बर्फ करणारा हा माणूस थंड पाणी मात्र पीत नसे. कारखान्यातच एका कोपऱ्यात चुलीवर गंज ठेवलेला असायचा, त्यातलं कोमट पाणी प्यायचे. मशीनपाशी उभं राहून राहून कान गेलेले, त्यामुळे बोलणं म्हणजे ओरडणं. गुपित म्हणून सांगायचं ते चार घरं ऐकायची. आपण काही बोललो की मान पुढे करून "काय जी?" म्हणायचे. दुसऱ्यांदा सांगितलं तरी "काय जी?" तिसऱ्यांदा मात्र समजलं नसलं तरी "हो जी" म्हणून टाकायचे. या "हो जी"नं मला फार छळलं आहे.

ओळख झाली ती भाचीच्या साक्षगंधाच्या वेळी. बर्फ घ्यायला गेले होते. समोरच एक ठोकळा तयार होता. म्हटलं, हाच द्या.

"थांबा जी म्याडम, हा नाई देत. हा मैला हाये."

मला तर तो चांगला पांढराशुभ्र दिसत होता. त्यांनी दुसरा ठोकळा चेनीनं वर काढला, साध्या पाण्यात बुडवून डब्यातून सोडवला, फळीवर आडवा केला आणि त्याच्या मागे वर्तमानपत्र धरलं.

"वाचा."

मी वाकून पाहिलं. ठोकळ्याच्या आरपार बातमी वाचता येत होती, खालची बारीक अक्षरंसुद्धा.

"याले म्हनते बरफ," ते म्हणाले. "पांढरा दिसते तो बरफ नोहे, घाई हाये घाई."

मग त्यांनी मला ते कसं होतं ते सांगितलं. डब्यातलं पाणी कडेकडेनं गोठत येतं. गोठताना पाणी घाण, मीठ, माती काहीच अंगाला लावून घेत नाही, सगळं पुढे लोटत लोटत मधात नेतं. मधात म्हणजे अगदी मध्यभागी. सगळ्यात शेवटी गोठायचं राहतं ते तिथलं पाणी, आणि सगळी घाण त्यात. ते गोठायच्या आत पाइप टाकून खेचून घ्यायचं, नालीत सोडायचं आणि त्या जागी स्वच्छ पाणी भरायचं. की झाला बर्फ काचेसारखा. लटारीभाऊ रोज सकाळी हातात पाइप घेऊन डब्यांच्या ओळीवरून जायचे. फळी उचल, पाइप टाक, खेच, पाणी भर, फळी ठेव. पुढचा डबा. एकीकडे माझ्याशी गप्पा चालू, आणि हात आपले काम करत पुढे.

खरं सांगते, मला जरा झोंबलं. हाच धडा मी पोरांना इतकी वर्षं फळ्यावर शिकवत होते, आणि डोळ्यांनी पाहिला तो आज. तेही बर्फवाल्याकडून.

यानंतर वर्षभरानं असेल. शाळा सुटली होती, मी फाटकात हेडमास्तरांशी बोलत उभी. रस्त्याच्या पलीकडून लटारीभाऊ सायकल ढकलत आले, हँडलला ओल्या दुपट्ट्यात गुंडाळलेलं काहीतरी, आणि तिथूनच ओरडले, "म्याडम! तुमच्यासाठी मोह आनला!"

हेडमास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं की धरणी दुभंगावी आणि मी आत जावं. मी लटारीभाऊंना जवळजवळ ढकलतच घरी नेलं. दुपट्ट्यात काचेची बाटली होती. आत गडद मधाळ रंगाचं काहीतरी. बूच काढलं आणि खोली भरून गेली. दारूचा वास मला माहीत आहे. आमच्या भागात कोणाला माहीत नाही? हा तसा नव्हता. चैतात पहाटे झाडाखाली टपटप पडलेल्या फुलांचा, उन्हं चढायच्या आधीचा वास होता तो.

"लटारीभाऊ, हे काय आहे?"

"सडवा गोठवला जी डब्यात."

मोहफुलं पाण्यात भिजवून आंबवली की त्याला आमच्याकडे सडवा म्हणतात. तो भट्टीवर चढवला की दारू. लटारीभाऊंनी चढवला नव्हता. टाकीत बुडवला होता. पाणी कडेनं गोठून गेलं आणि मोहाचं जे काही होतं, गोडवा, वास, नशा, ते सगळं मधात जमा झालं. पाइप टाकून त्यांनी ते खेचून घेतलं होतं. रोज जे नालीत सोडायचे, ते त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा बाटलीत भरलं.

"भट्टी लावली का वास जरते," ते सांगत होते. "पावर राह्यते, पर फूल जाते. मी पानी काढलं, फूल ठेवलं. हे एक चमचा गिलासभर पान्यात टाका, पुरा गिलास मोहाचा. मानूस मोह असा साठवून ठेवू शकते, म्याडम. पुण्या-मुंबईले धाडू शकते."

मी बोट बुडवून जिभेला लावलं. पुढे काय वाटलं ते सांगत नाही; सरकारी शाळेतून निवृत्त झालेली बाई आहे मी.

सांगायचं तर, मी त्यांना तेव्हाच झापलं. परवाना नसताना सडवा घालणं गुन्हा आहे, मालकाला कळलं तर नोकरी जाईल, पोलिसांना कळलं तर तुम्हीच जाल. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "ऐकू आलं जी. म्हून तं तुमच्याकडे आलो. मले लायसन पायजे."

आणि मग बापाची गोष्ट सांगितली. जुन्या गावात त्यांच्या बापानं सडवा घातला होता. पोलीस आले, मडकी फोडली, बापाला दोरी लावून गावातून चालवत नेलं. तारखा पडत राहिल्या, बाप मेला, गाव बुडालं.

"सारं गाव बुडालं म्याडम, पर केस काही बुडाली नाई," ते म्हणाले. "कौतिका अन् साऱ्या बाया फुलं येचते, व्यापारी येते, पोत्यानं नेते. तेच फूल त्याच्या गोदामात गेलं का माल, अन् आमच्या मडक्यात गेलं का गुन्हा. बापाच्या नावानं केस होती. माह्या नावानं लायसन पायजे. शिक्का मारलेला एक कागद. बस."

कौतिका म्हणजे त्यांची बायको. तिला हे सगळं खूळ वाटायचं. "यायले लायसन भेटन तवा माह्ये दात पडून जाईन," ती म्हणायची. पण फुलं वेचून, वाळवून, निवडून द्यायची तीच.

त्या दिवसापासून मी लटारीभाऊंची अर्ज लिहिणारी झाले. आणि माझ्या डोक्याला ताप लागला तो तेव्हापासून.

दारूचे परवाने देणाऱ्या सरकारी ऑफिसात पहिल्या टेबलावर म्हणाले, हे कशात बसतं? देशी दारूत बसत नाही, कारण गाळलेली नाही. बिअरमध्ये बसत नाही, वाइनमध्ये बसत नाही. सरबत म्हणावं तर नशा आहे. मी म्हटलं, "आंबवलेल्या पेयातलं पाणी काढून केलेला घट्ट अर्क आहे, तसं लिहा." ते म्हणाले, अर्क असा प्रकार आमच्याकडे नाही. ऑनलाइन फॉर्म भरा. फॉर्ममध्ये प्रकार निवडायची यादी होती. तीत अर्क नव्हता. "इतर" असा एक पर्याय होता, तो निवडला की पुढचं पानच उघडत नव्हतं. मी तीन संध्याकाळी त्या फॉर्मपुढे बसले. चौथ्या दिवशी कॉम्प्युटरला शिव्या दिल्या, त्याचं काही झालं नाही, माझं ब्लडप्रेशर तेवढं वाढलं.

दुसऱ्या टेबलावर म्हणाले, आधी नमुना आणा, तपासू, मग परवान्याचं पाहू. लटारीभाऊंनी आनंदानं पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. मी कपाळावर हात मारला.

"परवाना नसताना हा नमुना आणला कुठून?" बाबूंनी विचारलं.

"तुमीच तं मांगला जी."

"नमुना बनवायला परवाना लागतो."

"अन् परवाना भेटायले?"

"नमुना लागतो."

मी तिथे जे बोलले ते लिहिण्यासारखं नाही. शिपाई धावत आला. लटारीभाऊ माझा पदर धरल्यासारखे मागे उभे राहून म्हणत होते, "म्याडम, हळू. म्याडम, हळू जी." ज्या माणसाला स्वतःला हळू बोलता येत नाही, तो मला हळू बोलायला सांगत होता. बाटली जमा झाली. "नष्ट करण्यात आली" असा कागद मिळाला. लटारीभाऊंनी तो घडी घालून खिशात ठेवला. म्हणाले, "शिक्का तं भेटला, म्याडम."

मधल्या काळात गंमतही झाली. मधलं खेचून घेतल्यावर उरलेला कडेचा बर्फ फेकून द्यायला लटारीभाऊंचा जीव होईना, म्हणून त्यांनी तो फोडून माशांच्या पेट्यांवर टाकला. कितीही म्हटलं तरी त्यात थोडा वास राहतोच. दोन दिवसांनी नागपूरचा व्यापारी फोनवर. कारखान्यात सगळ्यांना वाटलं, आता ओरडणार. तो म्हणाला, "वो वाली मछली और भेजो." गिऱ्हाईक तीच मासोळी मागत होतं. मालकांना ही गोष्ट कळली आणि ते भंडाऱ्याहून थेट आले. त्यांनी लटारीभाऊंना सगळ्यांसमोर नाही नाही ते सुनावलं. लटारीभाऊंनी तिसऱ्यांदा "हो जी" म्हटलं आणि कोमट पाणी प्यायला गेले.

चार वर्षं हे चाललं. कंटाळून मी दोनदा सोडून दिलं. दोन्ही वेळा हा माणूस माझ्या दारात हातात थैली घेऊन उभा. "म्याडम, आजून एक अर्ज." त्या "आजून एक"नं मी वाकून गेले होते. शेवटी एक नवे साहेब आले, तरुण होते, वाचणारे होते. त्यांनी माझा सात पानांचा अर्ज खरोखर वाचला. मालकांचीही संमती मिळाली, कारण नागपूरचा व्यापारी मासोळीचं अजून विचारत होता. आणि पत्र आलं: एकदाच, दोन डबे, साहेबांच्या समक्ष नमुना काढायचा, सीलबंद करून तपासणीला पाठवायचा. कारखान्याच्या नेहमीच्या डब्यांत, नेहमीच्या ओळीत. मुदत त्या महिनाअखेरपर्यंत.

लटारीभाऊंनी ते पत्र माझ्याकडून तीनदा वाचून घेतलं. तिसऱ्यांदा त्यांना खरंच ऐकू आलं असावं, कारण ते "हो जी" म्हणाले नाहीत, खाली बसले.

साहेबांनी तारीख दोनदा पुढे ढकलली. तिसरी तारीख मुदतीच्या शेवटच्या दिवसावर आली. आदल्या दिवशी सकाळी सडवा तयार झाला, दोन डबे भरले, कौतिकानं त्यांच्या कड्यांना लाल दोरा बांधला. मी संध्याकाळी पाहायला गेले. शेड झाडून काढलेलं, फळ्या धुतलेल्या. माझी शिक्षकी सवय, तपासणी म्हटली की मला राहवत नाही. मी सगळीकडे बोट फिरवून धूळ पाहिली आणि लटारीभाऊंच्या कानाशी जाऊन ओरडले, "उद्या एकही ठोकळा मैला दिसता कामा नये. साहेबांना सगळा बर्फ काचेसारखा दिसला पाहिजे. समजलं?"

"काय जी?"

मी पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदाही सांगितलं.

"हो जी," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला मी कारखान्याकडे निघाले आणि गल्लीच्या तोंडाशीच थांबले. मोहाचा वास येत होता. नालीतून. सगळी गल्ली दरवळत होती, बाया दारात येऊन एकमेकींना विचारत होत्या. मी धावत सुटले. या वयात.

लटारीभाऊ टाकीच्या काठावर उभे होते. पाइप अजून हातात होता. पायाशी लाल दोऱ्याचा डबा, फळी उघडी, आणि आत स्वच्छ पाणी भरलेलं.

"लटारीभाऊ, दोरा दिसला नाही तुम्हाला?"

पहिल्यांदाच त्यांना एका झटक्यात ऐकू आलं. "दिसला जी," ते म्हणाले. "डोऱ्यानं पाह्यला. हातानं नाई पाह्यला."

रोजच्यासारखे ते पाइप घेऊन ओळीवरून गेले होते. साहेब येणार म्हणून एकही डबा सोडायचा नव्हता. फळी उचल, पाइप टाक, खेच, पाणी भर, फळी ठेव. डोक्यात साहेबांशी काय बोलायचं ते घोळत होतं, आणि हात तीस वर्षांचं काम करत होते. दोन्ही डबे झाल्यावर वास आला. तोवर सगळं नालीत गेलेलं.

दुपारी चारला साहेब आले. लटारीभाऊंनी ठोकळा काढून दाखवला. काचेसारखा. साहेबांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "यात तर काहीच नाही." मी त्यांना सांगितलं, समजावलं, नालीपाशी नेऊन वास दाखवला. माणूस वाईट नव्हता. पण नालीचा नमुना घेता येत नाही, आणि मुदत आजच संपते, असं म्हणाले. पंचनाम्यात त्यांनी लिहिलं, "नमुना उपलब्ध झाला नाही. प्रकरण निकाली." खाली सही, शिक्का. पुढच्या महिन्यात त्यांची बदली झाली.

मी नव्यानं अर्ज लिहून ठेवला होता. लटारीभाऊ आलेच नाहीत. मीच गेले. ते डबे धूत होते. "चला, आजून एक अर्ज," मी म्हटलं. त्यांनी मान हलवली. "नको जी. आता कोनाले दोष देऊ? बापाले पोलिसानं धरलं. मले माह्याच हातानं धरलं."

त्यांच्यावर मी खूप ओरडले त्या दिवशी. चार वर्षं माझ्या डोक्याचा भुगा केलात, आणि आता नको जी? कौतिका बाहेर येऊन उभी राहिली. घरी येऊन मी तो अर्ज फाडला. फाडताना साहेब यायच्या आदल्या संध्याकाळचं माझं बोलणं मला पहिल्यांदा आठवलं. एकही ठोकळा मैला दिसता कामा नये. तीनदा सांगितलं होतं मी. लटारीभाऊ माझं नाव कधी घेत नव्हते, ना मालकांजवळ, ना कौतिकाजवळ. ते त्यांना आठवत होतं की नाही, कोण जाणे. मला आठवत होतं, आणि मी गप्प बसले.

मागच्या उन्हाळ्यात कारखाना बंद पडला. आता नागपूरहून मशीनच्या बर्फाची गाडीच येते. लटारीभाऊंनी जुन्या चार-सहा डब्यांवर एका शीतगृहात बर्फ करायची सोय लावून घेतली आहे आणि मासोळी बाजारात हातगाडीवर ठोकळे विकतात, असं ऐकलं होतं. एका रविवारी मासे घ्यायला गेले तेव्हा दिसले. तोच मफलर. गाडीवर गोणपाटाखाली ठोकळा, आणि ठोकळ्याच्या मधोमध पांढरी, मातकट रेघ, वरपासून खालपर्यंत. ज्या माणसाच्या बर्फातून बारीक अक्षरं वाचता यायची, त्याचा तो बर्फ. मासोळीवाली त्यांना रागावत होती, "लटारीभाऊ, बरफ मैला हाये तुमचा! मधचं पानी काहून नाई काढत आता?"

"राहू दे ना वो बाई," ते म्हणाले. "मधात हात नाई लावत मी."

मी पुढे झाले. मला पाहून त्यांनी हात जोडले. बाजाराचा गोंगाट चालला होता, शेजारी कोणीतरी बोलीचे आकडे ओरडत होतं. मला वाटलं, आज नाही सांगितलं तर राहूनच जाईल. मी त्यांच्या कानाशी वाकले.

"लटारीभाऊ, त्या दिवशी सगळे ठोकळे साफ करा म्हणून मीच सांगितलं होतं."

"काय जी?"

"चूक माझी होती."

"काय जी?"

तिसऱ्यांदा सांगायच्या ऐवजी मी पिशवी पुढे केली. "बर्फ द्या थोडा," म्हटलं.

"हो जी," ते म्हणाले. टोच्या घेऊन त्यांनी कडेचा स्वच्छ बर्फ बाजूला सारला आणि मधातला मैला तुकडा फोडून माझ्या पिशवीत टाकला.